शर्यतीची शब्दसंपदा : स्पॅनिश व मराठी (शंकरपटाच्या विशेष संदर्भात)

सारांश

कोणत्याही भाषेतील क्रीडाविषयक शब्द हे त्या समाजाच्या श्रमजीवनाचे, प्रवासाचे आणि परकीय संपर्काचे साक्षीदार असतात. प्रस्तुत लेखात स्पॅनिश भाषेतील शर्यतीशी निगडित काही शब्दांचा परिचय करून देऊन त्यांच्या प्रकाशात मराठीतील शर्यतीच्या शब्दसंपदेचे विवेचन केले आहे. विदर्भातील शंकरपट आणि पश्चिम महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यत यांची परिभाषा हा या विवेचनाचा गाभा आहे. राज्याच्या कायद्याने ज्या बोलीशब्दांची दखल घेतली, त्यांची दखल वर्गाने व कोशानेही घ्यावी, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : शर्यत, शंकरपट, धुरकरी, बैलगाडा, स्पॅनिश, परिभाषा.

१. प्रस्तावना

चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुका माणिकगडच्या डोंगराळ भागात वसलेला आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी हा प्रदेश हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता. येथील महाविद्यालयीन वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरी गोंडी, कोलामी, गोरमाटी, तेलुगू, मराठवाडी वळणाची मराठी आणि वऱ्हाडी अशा अनेक भाषा व बोली बोलल्या जातात. अशा वर्गात मराठी शिकविताना 'प्रमाण शब्द कोणता' हा प्रश्न दररोज उपस्थित होतो.

पदवीच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने भ्रमणध्वनीवरील धड्यांच्या आधारे स्पॅनिश शिकण्यास प्रारंभ केला होता. धावण्याच्या व अन्य शर्यतींसंबंधीच्या शब्दांचा पाठ आला तेव्हा तिने त्या शब्दांपुढे मराठी प्रतिशब्द लिहून आणले. तिच्या यादीत 'स्टार्ट', 'फिनिश', 'लॅप', 'रेसर' असे शब्द होते. तिच्या घरी पटाची बैलजोडी होती आणि तिचे वडील स्वतः धुरकरी होते. तरीही 'पट' आणि 'धुरकरी' हे शब्द त्या यादीत नव्हते. कारण विचारले असता, "ते पुस्तकातले शब्द नाहीत," असे उत्तर तिने दिले. हे उत्तर प्रस्तुत लेखाच्या मुळाशी आहे.

२. उद्दिष्टे व मर्यादा

अ) स्पॅनिशमधील शर्यतविषयक प्रमुख शब्दांचा अर्थ व उगम स्पष्ट करणे.
ब) मराठीतील शर्यतविषयक शब्दांचे थर उलगडून दाखविणे.
क) बोलीतील परिभाषेचे शैक्षणिक व सामाजिक मूल्य निदर्शनास आणणे.

लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व तुलनात्मक आहे. सर्व शब्दांची संपूर्ण सूची देणे हा त्याचा हेतू नाही. नमुन्यादाखल निवडलेल्या शब्दांवरून प्रवृत्ती दाखविणे एवढीच त्याची मर्यादा होय. स्पॅनिश शब्द देवनागरीत त्यांच्या उच्चाराच्या जवळ जाईल अशा रीतीने लिहिले आहेत.

३. स्पॅनिशमधील शर्यतीचे शब्द

शर्यत या अर्थाचा स्पॅनिशमधील सर्वांत व्यापक शब्द 'कार्रेरा' हा होय. त्याचे मूळ उत्तरकालीन लॅटिनमध्ये असून गाडी या अर्थाच्या 'कार्रुस' या शब्दापासून गाडीवाट या अर्थाचा शब्द तयार झाला व त्यातून 'कार्रेरा' आला. म्हणजे प्रथम गाडी, मग गाडीची वाट, त्यानंतर त्या वाटेवरील धाव आणि अखेरीस शर्यत असा हा अर्थविस्तार आहे. तो येथेच थांबला नाही. विद्यापीठातील पदवी अभ्यासक्रमाला आणि माणसाच्या व्यावसायिक वाटचालीलाही स्पॅनिशमध्ये 'कार्रेरा' असेच म्हणतात. इंग्रजीतून मराठीत रुळलेला 'करिअर' हा शब्द याच कुळातील आहे. आपल्या विद्यार्थ्यांना ज्या 'करिअर'ची चिंता वाटते, त्या शब्दाच्या मुळाशी एक साधी गाडी आहे, ही बाब लक्षणीय आहे.

शर्यतीच्या आरंभाला 'सालिदा' म्हणतात. बाहेर पडणे या अर्थाच्या क्रियापदापासून हा शब्द बनला आहे. त्यामुळे इमारतीतून बाहेर पडण्याचा मार्ग आणि शर्यतीचा आरंभ या दोहोंसाठी एकच शब्द वापरला जातो. शेवटाला 'मेता' म्हणतात. प्राचीन रोममधील रथांच्या शर्यतीत मैदानाच्या टोकाशी जे वळणखांब उभारलेले असत, त्यांना लॅटिनमध्ये 'मेता' अशी संज्ञा होती. रथ इतिहासजमा झाले, खांब राहिले नाहीत. मात्र शब्द अंतिम रेषेसाठी आणि जीवनातील ध्येयासाठी आजही प्रचलित आहे.

मैदानाभोवतीच्या फेरीला 'वुएल्ता' म्हणतात. १९३५ मध्ये सुरू झालेली स्पेनची सुप्रसिद्ध सायकल शर्यत याच शब्दाने ओळखली जाते. रिले शर्यतीत एका धावपटूकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या दांडीला 'तेस्तिगो' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ साक्षीदार असा आहे. दांडी हातात आली हाच आधीच्या धावपटूने आपले अंतर पूर्ण केल्याचा पुरावा असल्यामुळे ही संज्ञा समर्पक वाटते.

घोडेस्वारासाठी असलेला 'खिनेते' हा शब्द अरबीच्या द्वारे स्पॅनिशमध्ये आला. उत्तर आफ्रिकेतील झनाता नावाच्या बर्बर समूहाच्या नावापासून तो बनला असून हा समूह घोडदळासाठी प्रसिद्ध होता. स्पेनच्या मोठ्या भूभागावर अनेक शतके अरबी भाषकांची सत्ता होती. तिची खूण क्रीडाविषयक शब्दांतही उमटलेली दिसते.

बैलांशी संबंधित एक शब्दही येथे नमूद करणे आवश्यक आहे. पाम्प्लोना शहरात दरवर्षी जुलै महिन्यात सान फेर्मीन उत्सवात वळूंपुढे धावण्याचा जो प्रकार होतो, त्यास 'एन्सिएर्रो' म्हणतात. या शब्दाचा अर्थ कोंडणे असा आहे. सुमारे ८५० मीटरच्या गल्ल्यांमधून वळूंना झुंजीच्या मैदानाकडे नेऊन तेथे बंदिस्त करणे हे मूळ काम होते. त्या कामाचा पुढे उत्सव झाला, तरी नाव कामाचेच राहिले.

या उदाहरणांवरून असे दिसून येते की, स्पॅनिशने आपले शर्यतीचे शब्द गाडीवाट, वळणखांब, साक्षीदार, घोडदळ आणि कोंडवाडा यांसारख्या दैनंदिन व्यवहारातून घेतले आणि ते कोशात, शाळेत व वृत्तपत्रात सन्मानाने नांदविले. मराठीची स्थिती या बाबतीत कशी आहे, हे पुढे पाहू.

४. मराठीतील शब्दांचे तीन थर

४.१ पैज आणि करार यांचा थर

मराठीत 'शर्यत' हा शब्द अरबी 'शर्त' या शब्दाशी निगडित आहे. अट, करार असा त्याचा मूळ अर्थ आहे. 'अटी व शर्ती' या जोडशब्दातील शर्त, 'शर्थीचे प्रयत्न' यातील शर्थ आणि धावण्याची शर्यत हे शब्द एकाच कुळातील होत. म्हणजे स्पॅनिशचा शब्द गाडीच्या वाटेवरून आला, तर मराठीचा शब्द दोन पक्षांत ठरलेल्या बोलीवरून आला. जुन्या मराठीतील 'पैज' या शब्दाचा प्रवासही असाच आहे. संस्कृत 'प्रतिज्ञा' या शब्दापासून प्राकृताच्या मार्गाने 'पैज' सिद्ध झाला. कोण पुढे गेले यापेक्षा कोणी काय कबूल केले होते, यावर मराठी शब्दांचा भर दिसतो.

'बाजी मारणे', 'मैदान मारणे' या वाक्प्रचारांतील बाजी आणि मैदान हे शब्द फारसीतून आले. स्वार, लगाम, जीन, चाबूक ही घोड्याशी संबंधित परिभाषाही बव्हंशी फारसी वळणाची आहे. स्पॅनिशने स्वारासाठीचा शब्द अरबीकडून घेतला, तर मराठीने खुद्द शर्यतीसाठीचा. दोन दूरच्या भाषांमधील हे साम्य इतिहासाच्या समान अनुभवातून आलेले आहे.

४.२ बैल आणि शेती यांचा थर

मराठीतील शर्यतीची खरी परिभाषा बैलांच्या शर्यतीत आढळते. विदर्भात या शर्यतीस 'शंकरपट' किंवा नुसते 'पट' म्हणतात. खरिपाची पिके घरी आल्यानंतर हिवाळ्यात गावोगावी पट भरतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील शंकरपट विशेष प्रसिद्ध आहे. हलक्या छकड्याला बैलांची जोडी जुंपून ती सरळ पट्टीवर पळविली जाते आणि लागलेला वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत मोजला जातो. जोडी हाकणाऱ्यास 'धुरकरी' ही संज्ञा आहे.

'धुरकरी' हा शब्द विशेष विचारास पात्र आहे. संस्कृत 'धुर्' म्हणजे जू किंवा गाडीचा ओढण्याचा भाग. त्याच शब्दापासून 'धुरा', 'धुरंधर' आणि 'धुरीण' हे शब्द आले. समाजाच्या नेत्याला धुरीण म्हणावयाचे आणि संस्थेची धुरा सांभाळण्याची भाषा करावयाची, हे मराठीत सभ्य व ग्रांथिक मानले जाते. परंतु प्रत्यक्ष जुवाशी ज्याचा संबंध आहे, त्या धुरकऱ्याला मात्र ग्रामीण ठरवून पुस्तकाबाहेर ठेवले जाते. स्पॅनिश 'कार्रेरा' गाडीवाटेपासून विद्यापीठापर्यंत पोहोचला. मराठीतही 'धुर्' सभागृहापर्यंत पोहोचला. फक्त आपण त्याचे मूळ विसरलो.

'पट' हा शब्दही अनेकार्थी आहे. बुद्धिबळाचा पट, चित्रपट, शाळेतील हजेरीपट हे अर्थ विद्यार्थ्यांना ठाऊक असतात. शर्यतीचा पट मात्र त्यांना माहीत असूनही उत्तरपत्रिकेत लिहावासा वाटत नाही. वस्तुतः या शब्दाची व्याप्ती केवळ धावेपुरती नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व भागात व गडचिरोलीत पटाच्या निमित्ताने सोयरे गावात येतात आणि रात्री झाडीपट्टी रंगभूमीचे नाटक होते. 'आमच्या गावी पट आहे' या वाक्यात शर्यत, पाहुणे, बाजार आणि नाटक या सर्वांचा समावेश असतो. 'रेस' या शब्दाने हा अर्थ व्यक्त होणार नाही.

पश्चिम महाराष्ट्रातील परिभाषा निराळी आहे. पुणे जिल्ह्यात शर्यतीच्या चढत्या मार्गाला 'घाट' म्हणतात, प्रत्येक गाड्याच्या धावेला 'बारी' म्हणतात आणि सर्वांत कमी वेळ नोंदविणारा गाडा 'घाटाचा राजा' ठरतो. सातारा-सांगली भागात बैलांचे गट दातांवरून पडतात. पक्के दात न आलेला तो 'आदत', दोन दात आलेला तो 'दुसा', चार दात आलेला तो 'चौसा'. येथे वयोगट ठरविण्यासाठी जन्मदाखल्याची गरज नाही. जनावराच्या तोंडात पाहून वय सांगण्याचे शास्त्र या शब्दांत साठविलेले आहे. वर्ध्याकडील गवळाऊ आणि सोलापूर-सांगलीकडील खिल्लार या जातींची नावेही वेगवान बैलांच्या संदर्भात याच परिभाषेचा भाग आहेत.

४.३ इंग्रजीचा थर

मुंबईच्या महालक्ष्मी येथे १८८३ मध्ये घोड्यांच्या शर्यतीचे मैदान सुरू झाले. तेव्हापासून 'रेस', 'रेसकोर्स', 'जॉकी' हे शब्द शहरी मराठीत रुळले. बोलण्यात एक सूक्ष्म भेद निर्माण झाला : बैलांची ती शर्यत आणि घोड्यांची ती रेस. 'तो रेसला जातो' या वाक्यात पैसे लावण्याचा अर्थ आपोआप येतो, तो 'शर्यतीला जातो' यात येत नाही. ज्या शब्दाच्या मुळातच पैज आहे त्यातून पैज लोपली आणि परक्या शब्दाने तिची जागा घेतली, हा अर्थबदल मनोरंजक आहे.

मैदानी धावण्याची परिभाषा विसाव्या शतकात इंग्रजीमार्फत आली. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये धावले व त्यांनी एकोणिसावे स्थान मिळविले. त्या काळापासून मॅरेथॉन, रिले, ट्रॅक हे शब्द आपल्याकडे आले. त्यांच्या जोडीला धावपटू, अंतिम रेषा, उपांत्य फेरी, आघाडी असे सुबोध शब्दही घडले. शालेय क्रीडा महोत्सवातील लिंबू-चमचा, तीन पायांची शर्यत, पोत्यात पाय घालून धावण्याची शर्यत ही नावे तर पूर्णतः घरगुती आहेत. मराठी नवे शब्द घडवू शकत नाही, असा समज त्यामुळे निराधार ठरतो.

५. उणिवेचे एक उदाहरण

तथापि काही ठिकाणी मराठीची परिभाषा अपुरी पडते. स्पॅनिशमध्ये ११० मीटर अडथळा शर्यतीतील अडथळ्यांना 'बायास' म्हणजे कुंपणे म्हणतात, तर ३००० मीटरच्या स्टीपलचेस शर्यतीसाठी 'ओब्स्ताकुलोस' म्हणजे अडथळे हा वेगळा शब्द आहे. मराठी वृत्तपत्रांत दोहोंसाठी 'अडथळ्यांची शर्यत' हाच शब्दप्रयोग आढळतो. वास्तविक या दोन शर्यतींत मोठा भेद आहे. पहिल्या प्रकारात दहा अडथळे असतात व ते पाय लागल्यास आडवे होतात. दुसऱ्या प्रकारात २८ भक्कम अडथळे आणि ७ पाण्यावरील उड्या असतात. तेथील अडथळा पडत नाही, धावपटूच पडू शकतो.

हा भेद मराठी वाचकाला कळणे अगत्याचे आहे, कारण या दुसऱ्या प्रकारात महाराष्ट्राच्या खेळाडूंनी मोलाची कामगिरी केली आहे. सातारा जिल्ह्यातील ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरी गाठली. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणि २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. दोघेही शेतकरी कुटुंबांतून व दुष्काळी भागांतून पुढे आले. त्यांच्या शर्यतीस स्वतःचे मराठी नाव असू नये, ही बाब विचार करावयास लावणारी आहे. 'कुंपण शर्यत' आणि 'अडथळा शर्यत' असा भेद करणे अवघड नाही. शेताच्या कुंपणावरून उडी मारणे कोणाही ग्रामीण विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागत नाही.

६. कायदा आणि शब्द

बोलीतील शब्दांचे मूल्य केवळ भाषिक नसते, हे बैलांच्या शर्यतीसंबंधीच्या कायदेशीर घडामोडींवरून स्पष्ट होते. ११ जुलै २०११ रोजी केंद्र शासनाच्या अधिसूचनेने खेळांत प्रदर्शनासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने जल्लीकट्टू व बैलगाडी शर्यतींवर बंदी आली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये दुरुस्ती कायदा केला. तथापि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त अनुमती दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र यांचे दुरुस्ती कायदे वैध ठरविले.

भाषेच्या अभ्यासकाने यातील एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. २०१७ च्या कायद्यात शर्यतीची व्याख्या करताना 'बैलगाडा शर्यत', 'छकडी' आणि 'शंकरपट' ही तिन्ही नावे समाविष्ट आहेत. केवळ एका प्रदेशाचे नाव घातले असते तर अन्य प्रदेशांतील प्रकार व्याख्येत बसतो की नाही, असा वाद उद्भवला असता. जो शब्द 'पुस्तकातला नाही' असे विद्यार्थिनी म्हणते, तो राज्याच्या कायद्याच्या पुस्तकात छापलेला आहे.

त्याचबरोबर एक सावधगिरीही बाळगणे आवश्यक आहे. शब्द जपणे म्हणजे त्यामागील प्रत्येक कृतीचे समर्थन करणे नव्हे. बैलास टोचण्याच्या अणकुचीदार काठीला मराठीत 'पराणी' असा शब्द आहे. हा शब्द कोशात असावा, परंतु ती वस्तू धावपट्टीवर नसावी. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि जनावरास वेदना दिल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा तीन वर्षांपर्यंत कारावास, अशी तरतूद कायद्यात आहे. परंपरेची नोंद आणि परंपरेची चिकित्सा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात, किंबहुना कराव्या लागतात.

७. शैक्षणिक सूचना

बैल शेतातून कमी होत आहेत. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील देशी व गावठी गोवंशात २०१२ च्या तुलनेत सहा टक्के घट झाली. ट्रॅक्टरचा वापर वाढला. बैलांबरोबर त्यांच्या शब्दांचाही ऱ्हास होणे अपरिहार्य आहे. नोंद केली तरच ते टिकतील. या दृष्टीने पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१) पदवी स्तरावरील प्रकल्पकार्यात विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील धुरकरी, पशुपालक व पंच यांच्याकडून पटाचे शब्द अर्थ व वाक्यांसह नोंदवावेत.
२) गोंडी, कोलामी, गोरमाटी व तेलुगू भाषक विद्यार्थ्यांनी त्याच संकल्पनांचे आपल्या मातृभाषेतील शब्द शेजारी लिहावेत, म्हणजे एक बहुभाषिक सूची तयार होईल.
३) शारीरिक शिक्षण व मराठी या विभागांनी संयुक्तपणे मैदानी शर्यतींची मराठी परिभाषा निश्चित करावी. बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत निघालेला 'व्यायाम ज्ञानकोश' हा अशा कार्याचा आदर्श आपल्यापुढे आहे.
४) परकीय भाषा शिकताना प्रतिशब्द प्रथम आपल्या बोलीत शोधावा, नंतर प्रमाण मराठीत आणि शेवटी इंग्रजीत.

८. निष्कर्ष

१) स्पॅनिशमधील शर्यतीचे शब्द दैनंदिन श्रमव्यवहारातून आले असून त्यांना शिक्षणात व लेखनात पूर्ण मान्यता आहे.
२) मराठीतील शब्दसंपदा करार-पैज, बैल-शेती आणि इंग्रजी क्रीडा अशा तीन थरांची आहे. यांपैकी दुसरा थर सर्वांत समृद्ध असूनही सर्वांत उपेक्षित आहे.
३) काही आधुनिक शर्यतींसाठी मराठीत नेमके शब्द नाहीत; ते ग्रामीण अनुभवाच्या आधारे घडविता येतील.
४) बोलीतील शब्दांना कायदेशीर व सामाजिक मूल्य असते, हे २०१७ च्या व्याख्येवरून सिद्ध होते.

सदर विद्यार्थिनीने पुढे आपली यादी नव्याने केली. 'कार्रेरा' या शब्दापुढे तिने 'शर्यत, पट' असे दोन शब्द लिहिले आणि गाडी हाकणारा या अर्थाच्या शब्दापुढे 'धुरकरी'. ती यादी फार मोठी नव्हती. परंतु घरचा शब्द परक्या भाषेच्या शब्दाशेजारी बरोबरीने लिहिता येतो, ही जाणीव तिला झाली. भाषाशिक्षणाकडून याहून वेगळी अपेक्षा करण्याचे कारण नाही.